बाहेरची फुप्फुसं

माझा धाकटा भाऊ सहा फूट दोन इंच उंच आहे. बाकी आम्ही सगळे बेताच्या उंचीचे, त्यामुळे शाळेत असतानाच त्याला लंबू हे नाव चिकटलं आणि खरं नाव कागदोपत्री तेवढं उरलं. लंबू लाकडी सामानाला पॉलिश करतो. मी पंप दुरुस्त करते. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात माझी सतरा वर्षं गेली. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत मला जे काही कळलं ते डॉक्टरकी म्हणून नाही, पंप म्हणून कळलं.

आग लागली मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास. कारखान्याच्या मागच्या अंगाला पॉलिशची खोली होती. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून ती कायम बंद ठेवायचे आणि तिला दार एकच. शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी ग्राइंडर चालवत होतं. ठिणगी उडाली आणि दाराशी ठेवलेल्या थिनरच्या डब्यांनी पेट घेतला. लंबू त्या वेळी बाहेर नळावर हात धूत होता. आत होते मिस्त्री, म्हणजे तिथले म्हातारे सुतार. एका कानाने पार बहिरे. ते जमिनीवर बसून कपाटाचा पाय घासत होते आणि त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. लंबूने डोक्यावर ओलं पोतं घेतलं आणि आत घुसला. मिस्त्रींना बखोटीला धरून त्याने दारापर्यंत ओढत आणलं आणि तिथेच कोसळला. बाकीच्यांनी दोघांना बाहेर खेचलं.

मिस्त्रींचे दोन्ही तळवे भाजले, बाकी ते बचावले, कारण ते जमिनीलगत होते. धूर वर चढतो. लंबूचं डोकंही वर.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो चक्क बोलत होता. छाती, दोन्ही हात आणि मानेची उजवी बाजू भाजलेली, आवाज घोगरा, तरी मला म्हणतो कसा, "आईला सांग, जेवायला उशीर होईल." भाजलेल्यांच्या वॉर्डाच्या मुख्य सर्जन एक बाई होत्या, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, भराभर चालणाऱ्या. त्यांनी लंबूच्या नाकात टॉर्च मारला. आत काजळी होती. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा आत्ता बोलतोय ते खरं, पण तासा-दोन तासांत घसा सुजून बंद होईल, म्हणून आताच नळी घालून त्याला झोपवायचं. तेवढ्यात आईही आली होती. तिने त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला. तेवढीच जागा तिला सुरक्षित वाटली असावी.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सकाळी फुप्फुसांनी हात टेकले. एक्स-रेमध्ये जिथे काळं दिसायला हवं तिथे दोन्ही बाजूंनी नुसता पांढरा कापूस. व्हेंटिलेटर शंभर टक्के ऑक्सिजन ढकलत होता आणि मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या खाली. त्यांनी त्याला पालथा घालून पाहिला. एवढा लांब माणूस, छातीवर जखमा, सतरा नळ्या. आठ जणांनी मिळून उलटा केला. चार तास आकडा वर गेला आणि पुन्हा खाली घसरला.

मग कॉरिडॉरमध्ये सर्जनबाई आणि फुप्फुसांचे डॉक्टर यांची जुंपली. हे डॉक्टर तरुण, दाढीवाले, आणि बोलताना हातवारे फार. ते म्हणत होते की मशीन लावू. दवाखान्यात ते मशीन होतं, न्यूमोनियाच्या दोन-चार रोग्यांना लावलंही होतं, पण भाजलेल्या माणसाला कधीच नाही. सर्जनबाईंचं म्हणणं असं की मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करावं लागतं, आणि ज्याच्या अंगावरची तीस टक्के कातडी गेलीय त्याचं रक्त पातळ केलं तर ते उघड्या जखमांतून झिरपत राहील. डॉक्टर म्हणाले की औषध अगदी कमी देऊ, जखमांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवू. बाई भिंतीला टेकल्या. मी चार पावलांवर उभी होते आणि लपायचा प्रयत्नही करत नव्हते.

"बहीण ना तुम्ही?" बाईंनी मला विचारलं. "ऐकलंत सगळं?"

मी मान हलवली आणि मशीन नेमकं काय करतं ते विचारलं. डॉक्टर सांगू लागले की मांडीच्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर घ्यायचं, एका पडद्यावरून न्यायचं, तिथे त्यात ऑक्सिजन मिसळायचा, कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि ते रक्त पुन्हा शरीरात सोडायचं. तोवर खऱ्या फुप्फुसांना पूर्ण सुट्टी. मी विचारलं, मिनिटाला किती लिटर. ते थबकले. साडेचार ते पाच, म्हणाले. सक्शन कुठे आणि डिलिव्हरी कुठे, म्हणजे ओढायचं कुठून आणि सोडायचं कुठे, मी विचारलं. सर्जनबाई पहिल्यांदाच हसल्या. मान भाजलेली असल्याने दोन्ही नळ्या जांघेतूनच घालाव्या लागतील, एक उजवीकडून, एक डावीकडून, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे मशीन लावायचं हे त्यांच्या मनानेही घेतलं होतं.

वाचायची शक्यता किती, हे मी विचारलं. बाई म्हणाल्या, निम्मी म्हटली तरी मी फुगवून सांगतेय असं समजा. मशीनशिवाय मात्र उद्याची सकाळ अवघड आहे.

आई बाकावर बसली होती. मी तिला चार वाक्यांत सांगितलं. तिने त्याला दुखेल का एवढंच विचारलं. नाही, तो झोपेत आहे, बाई म्हणाल्या. तेव्हा आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मग थांबलात कशाला?"

दुपारचे दोन वाजले होते. मला काचेबाहेर उभं राहू दिलं. मशीन म्हणजे एका ट्रॉलीवर ठेवलेलं सामान. खाली पंप, त्याच्यावर विटेएवढा एक पारदर्शक डबा आणि बोटाएवढ्या जाड नळ्या. त्याची देखभाल करणारी बाई माझ्याच वयाची होती. तिच्या हुद्द्याचं नाव परफ्युजनिस्ट. ते माझ्या जिभेवर कधीच नीट बसलं नाही, म्हणून मी तिला पंपवाली म्हणू लागले आणि तिने ते आनंदाने चालवून घेतलं. तिने नळ्यांत मिठाचं स्वच्छ पाणी भरलं होतं आणि एका चिमट्याने ती नळ्यांवर टिचक्या मारत होती. एक एक बुडबुडा सुटून वर जात होता. माझे तर हातच शिवशिवले. सतरा वर्षं मी दुसरं काय केलं? आधी हवा काढायची, मग पंप चालू करायचा. हवा अडकली की पंप गेला. फरक इतकाच की माझ्याकडे हवा राहिली तर लोकांच्या नळाला पाणी येत नाही, तिच्याकडे राहिली तर माणूस जातो.

दोन्ही जांघांत नळ्या गेल्या. पंपवालीने एक चिमटा उघडला, मग दुसरा, आणि पंपाचा वेग ठरवणाऱ्या चाकावर हात ठेवला. नळीतलं स्वच्छ पाणी गुलाबी झालं आणि पाठोपाठ रक्त आलं. वांग्याच्या सालीसारखं काळपट. एवढं काळं रक्त मी कधी पाहिलं नव्हतं. ते डब्यात शिरलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं ते लालभडक, नवीन. एकाच माणसाचं रक्त, हातभर अंतरावर दोन रंगांचं. मी आईला ओढून काचेपाशी आणलं आणि बोटाने दाखवलं. बघ, ही त्याची फुप्फुसं. बाहेर ठेवलीयत.

मॉनिटरवर एकोणऐंशी होते. ऐंशी झाले. चौऱ्याऐंशी. आतमध्ये कोणी हलत नव्हतं. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव. सर्जनबाईंनी फुप्फुसांच्या डॉक्टरांचा दंड घट्ट पकडलेला मला काचेतून दिसला आणि ते दाढीवाले गृहस्थ लहान पोरासारखे हसत होते. व्हेंटिलेटरचा जोर त्यांनी इतका कमी केला की लंबूची छाती जेमतेम हलत होती. चार दिवस मारून मुटकून चालवलेल्या फुप्फुसांना अखेर कोणीतरी पडू दिलं होतं.

त्या दिवसापासून आमचं घड्याळ बदललं. सर्जनबाई प्रत्येक ड्रेसिंग बदलताना तराजूवर ठेवायला लावत, रक्त किती झिरपलं ते कळावं म्हणून. वजन जरा वाढलं की रक्त पातळ करायचं औषध कमी, उतरलं की पूर्ववत. मी सकाळची पाळी करून दुपारी यायचे. आई बाकावर असायची आणि आईच्या शेजारी मिस्त्री. पहिले दोन दिवस ते लिफ्टपाशी उभेच होते, दोन्ही हातांना बँडेज, आईसमोर यायची हिंमत नाही. शेवटी आईच उठून गेली आणि त्यांना सरळ सुनावलं की माझ्या पोराने तुम्हाला एवढ्या खटपटीने बाहेर काढलं ते उभं राहून पाय दुखवायला नाही. मग ते बसले. आई त्यांना चमच्याने चहा पाजायची. दोघांचं बोलणं फारसं नसायचं. मिस्त्रींच्या चांगल्या कानाची बाजू कुठली हे आईच्या लक्षात राहायचं नाही.

मशीनच्या तिसऱ्या दिवशी मी गाऊन-टोपी चढवून आत उभी होते, तेवढ्यात रक्त बाहेर आणणारी नळी थरथरायला लागली. आकडा धडाधडा खाली आला, सत्तरवर. नर्स धावली, पण माझ्या तोंडून आधीच निघून गेलं की सक्शन उपाशी आहे. विहिरीतलं पाणी खाली गेलं की पंप हवा ओढायला बघतो आणि पाइप असाच थडथडतो. पंपवालीने फेरे कमी केले, नर्सने सलाइन सोडलं आणि दोन मिनिटांत नळी शांत झाली. भाजलेल्या अंगातून पाणी सतत निघून जातं, त्यामुळे शिरेत रक्त कमी पडलं होतं. नंतर पंपवाली माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कुठल्या दवाखान्यात आहेस गं?" पंपघरात, मी म्हटलं. तिथून आम्ही दोघी तू-तुझ्यावर आलो.

पाचव्या दिवशी फुप्फुसांच्या डॉक्टरांनी घशातून बारीक दुर्बीण घालून श्वासनळ्या धुतल्या. आतून काजळीचे आणि मेलेल्या कातडीचे काळे तुकडे निघाले, झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले. बाटलीत घालून त्यांनी ते सगळ्यांना दाखवले, मासा पकडल्याच्या थाटात. मशीन होतं म्हणूनच एवढा वेळ आत काम करता आलं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. सहाव्या दिवशी सर्जनबाईंनी पातळ करायचं औषध काही तास पूर्ण थांबवलं, छातीवरची मेलेली कातडी काढली आणि मांडीची कातडी तिथे लावली. चार तास. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या टोपीला घामाची कड आली होती.

पण औषध थांबवल्याची किंमत आठव्या दिवशी कळली. सकाळी पंपवालीने टॉर्च घेऊन तो पारदर्शक डबा तपासला. कोपऱ्यांत काळे डाग होते. गुठळ्या. दुपारपर्यंत डाग पसरले आणि बाहेर पडणारं रक्त पूर्वीसारखं झळझळीत लाल राहिलं नाही. डबा बदलायला हवा होता. त्यासाठी पंप थांबवायचा, दोन्ही बाजूंच्या नळ्या बांधायच्या, कापायच्या, नवा डबा जोडायचा, हवेचा एक बुडबुडाही न राहू देता, आणि पुन्हा चालू करायचं. तेवढा वेळ लंबू मशीनशिवाय. पाच दिवसांपूर्वी नळी नुसती थरथरली तेव्हा सत्तरवर गेलेला माणूस.

त्यांनी आधी शेजारच्या रिकाम्या खोलीत रंगीत तालीम केली. जुन्या नळ्या, पाण्याची बादली, पंपवाली, दोन नर्सा आणि डॉक्टर. दार उघडंच होतं. मी बाहेरून माझ्या घड्याळावर मोजत होते. अठ्ठावन्न सेकंद. पुन्हा केलं. शेहेचाळीस. तिसऱ्यांदा एक नळी हातातून निसटली आणि सगळे भिजले. चौथ्यांदा एकोणचाळीस. मिस्त्री माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. सांधा करताना आधी कोण काय धरणार ते बोलून घ्यायला सांग त्यांना, ते मला म्हणाले. मी काही सांगायला गेले नाही, पण पाचव्या वेळी ते स्वतःच तसं बोलून करू लागले. छत्तीस.

साडेतीन वाजता खरं काम झालं. आई काचेकडे पाठ करून बसली. मी आणि मिस्त्री काचेला नाक लावून. पंपवालीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, काहीतरी म्हणाली, आणि चाक शून्यावर आणलं.

चिमटे बसले. कात्री चालली. मी मनात मोजत होते आणि डोळे मॉनिटरवर होते. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. दहा सेकंद. जुना डबा बाजूला. नवा डबा आत. शहाऐंशी. नर्स सांध्यावर पाणी ओतत होती, हवा राहू नये म्हणून. वीस सेकंद. पंचाऐंशी. पंपवालीने दुसरा सांधा दाबला, पुन्हा एकदा दाबला, नळीवर बोट फिरवलं. तीस. चौऱ्याऐंशी. चिमटे निघाले. चाक फिरलं. चौतिसाव्या सेकंदाला नव्या नळीतून लाल रक्त धावत गेलं आणि माझ्या शेजारी मिस्त्रींनी बँडेजवाले हात काचेवर आपटले, मग कळवळून मागे घेतले.

आत सगळे हसत होते, एकट्या डॉक्टरांना सोडून. ते मॉनिटरकडे टक लावून बघत होते. मग ते जवळजवळ पळतच बाहेर आले. मला वाटलं काहीतरी बिनसलं.

"बघितलंत किती खाली गेला ते?" ते म्हणाले.

"चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

"अर्धा मिनिट पंप पूर्ण बंद होता. तरी चौऱ्याऐंशी. त्या दिवशी नुसती नळी हलली तर सत्तर झाले होते." त्यांचे हात हवेत होते. "हे मशीनचं नाही. हे त्याचं स्वतःचं आहे. फुप्फुसं उघडतायत."

आई बाकावरून उठली. काय म्हणाले ते तिने मला पुन्हा सांगायला लावलं, आणि मी सांगितल्यावर मिस्त्रींच्या चुकीच्या कानात तिने ते मोठ्याने सांगितलं.

त्यानंतर गोष्टी वेगाने घडल्या. एक्स-रेमधल्या कापसात काळे पट्टे दिसू लागले. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी डब्याला जाणारा ऑक्सिजनचा नळ बंद केला. रक्त फिरत राहिलं, पण त्यात काही मिसळत नव्हतं. म्हणजे आता सगळा भार लंबूवर. आई आत गेली आणि घाबरून बाहेर आली. दोन्ही नळ्या काळ्या पडल्यात, एकही लाल नाही, म्हणाली. मी तिला समजावलं की आज हीच चांगली खूण आहे. बाहेरची फुप्फुसं बंद आहेत, आणि तरी त्याचा आकडा बघ. आकडा त्र्याण्णव होता. एक तास त्र्याण्णव. तीन तास. दुपारी एकदा ब्याण्णव झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तो परत त्र्याण्णव झाला. सहा तासांनी सर्जनबाईंनी कमरेवर हात ठेवून जाहीर केलं की उद्या नळ्या काढू.

अकराव्या दिवशी सकाळी दहा वाजता नळ्या निघाल्या. सर्जनबाईंनी स्वतः पाऊण तास जांघा दाबून धरल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पंपवालीने मशीन ढकलत बाहेर आणलं. माझ्यापाशी आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, घे, एकदा हात लावून बघ. मी पंपावर हात ठेवला. कोमट होता. किती साधी गोष्ट, असं तिला म्हणायला गेले आणि मला रडूच फुटलं. तीही रडली, आणि मग गुठळ्या झालेला जुना डबा मला तपासायला मिळेल का असं मी विचारल्यावर हसायला लागली. तो मिळाला नाही. तपासणीला पाठवला होता.

लंबूच्या गळ्याला भोक पाडून छोटी नळी बसवली होती. तो जागा झाला तो हळूहळू, दोन दिवस घेऊन. पहिल्यांदा नीट डोळे उघडले तेव्हा त्याने मला ओळखलं, आईला ओळखलं, पण आवाज निघेना. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला, मग ओठांकडे बघितलं. तो विचारत होता, मिस्त्री?

"बाहेर बसलेत," मी म्हटलं. "रोज येतात. चहाची सवय आईने लावलीय."

त्याने डोळे मिटले. पाणी कानापर्यंत ओघळलं. हाताला बँडेज असल्यामुळे ते त्याला पुसता येईना, म्हणून मी पुसलं.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. अजून दोनदा कातडी लावावी लागली. उभं राहायला शिकायला सहा दिवस गेले, कारण उंच माणसाला पडायची जागाही जास्त असते, असं तो स्वतःच म्हणायचा. गळ्याची नळी निघाली. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्याच्या हातात तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं दिलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर चढतात. जितका मोठा श्वास तितके जास्त चेंडू. पहिल्या दिवशी एकही हलला नाही. आठवड्याने एक. मग दोन. तिसरा चेंडू जागचा हलायला तयार नव्हता.

एका सकाळी मी गेले तर खाटेवर लंबू आणि खुर्चीवर मिस्त्री, दोघांच्या हातात तशीच दोन खेळणी. मिस्त्रींनी नर्सकडून मागून घेतलं होतं. ते गाल फुगवून फुंकत होते आणि चेंडू ढिम्म.

"ओढायचं, मिस्त्री, ओढायचं," लंबू म्हणाला. "फुंकायचं नाही."

"काय?"

लंबूने मला खूण केली. मी त्यांच्या चांगल्या कानापाशी जाऊन सांगितलं. मिस्त्रींनी ओढलं. दोन चेंडू टणकन वर गेले आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की बाजूच्या खाटेवरच्या बाईही बघायला लागल्या. त्यांनी खेळणं लंबूपुढे धरलं आणि भुवया उंचावल्या.

लंबूने माझ्याकडे पाहिलं. पाठ ताठ केली, नव्या कातडीला ताण पडू नये म्हणून खांदे जरा सैल सोडले आणि नळी तोंडात धरली. पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. तो ओढतच राहिला, गळ्यावरचा ताजा वण आत गेला, कान लाल झाले, आणि तिसरा चेंडू तळाशी थरथरला, बोटभर वर आला, पडला, पुन्हा उचलला गेला, आणि जाऊन खेळण्याच्या छताला चिकटला.

मिस्त्री खुर्चीवरून उठून उभे राहिले. आई दारात डबा घेऊन उभी होती. तिने डबा तसाच खाली ठेवला आणि म्हणाली, "परत कर. मी पहिल्यापासून बघितलं नाही."

लंबूने पुन्हा नळी तोंडात धरली.